बाळाची वाटी



आज आपण बाळाच्या खाण्याविषयी बोलणार आहोत. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. बाळाला भरवणे हे बायकांचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण घरात धान्य आणतो कोण? बाजारातून केळी आणायची की बिस्किटाचा पुडा आणायचा, हे ठरवतो कोण? तेव्हा सर्वांनी बसावे. आजीबाईंनी तर पुढे येऊन बसावे. घरातले तान्हे मूल बहुतेक त्यांच्याच मांडीवर वाढते.

बाळ जन्मते तेव्हा साधारण अडीच ते तीन किलोचे असते. पाच महिन्यांच्या सुमारास त्याचे वजन दुप्पट होते. वर्षाचे होते तेव्हा तिप्पट होते. एवढ्या वेगाने माणूस पुन्हा जन्मात कधी वाढत नाही. शेतात पीक पोटरीत येते, तेव्हा पाण्याची एक पाळी चुकली तर काय होते, हे तुम्हांला आम्ही सांगायला नको. बाळाचे हे दिवस तसेच आहेत.

पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते. फक्त आईचे दूध. वरचे दूध नको, गुटी नको, मध नको. पाणीसुद्धा नको, अगदी वैशाखातही नको. आईच्या दुधात पाणी असतेच.

सहा महिने पूर्ण झाले की मात्र नुसते दूध पुरत नाही. दूध वाईट होते असे नाही. ते दोन वर्षे आणि त्यापुढेही पाजावे. पण बाळाची गरज वाढते. शिवाय लोहाची गोष्ट आहे. लोह म्हणजे रक्ताला लाली देणारे द्रव्य. आईच्या पोटातून येताना बाळ लोहाची शिदोरी बांधून आणते. ती शिदोरी सहाव्या महिन्याच्या सुमारास सरते. आईच्या दुधात लोह थोडे असते. गाईच्या, म्हशीच्या दुधातही ते फार थोडे असते. मग ते यायचे कोठून? खाण्यातून.

आपल्याकडे उष्टावण करतात. मामाच्या मांडीवर बसवून बाळाला खिरीचे बोट चाटवतात. बहुतेक घरी हे सहाव्या, सातव्या किंवा आठव्या महिन्यात होते. चाल चांगली आहे. सहावा महिना संपताच ती करावी, म्हणजे वेळही बरोबर साधते. पण पुष्कळ घरांत काय होते? त्या दिवशी खीर चाटवली, फोटो काढला, पाहुणे जेवून गेले. दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा नुसत्या दुधावर. विचारले तर म्हणतात, "दात येऊ देत, मग देऊ." दातांची वाट पाहू नये. मऊ कुसकरलेले अन्न बाळ हिरड्यांनी खाते.

आता एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. घर खाऊनपिऊन सुखी होते. दारात गाय होती, कणगीत ज्वारी होती. मुलगा सातव्या महिन्यापर्यंत गुटगुटीत होता. उष्टावण थाटात झाले. दहाव्या महिन्यात अंगणवाडीच्या ताईंनी त्याला तोलले. तीन महिन्यांत वजन जागचे हलले नव्हते. कार्डावरची रेघ वर चढायची ती आडवी झाली होती. ताईंनी विचारले, "याला खायला काय देता?" आजी रागावल्या. म्हणाल्या, "दिवसातून चारदा खातंय पोर! आमच्या घरात काय कमी आहे?"

चारदा खात होते हे खरे. पण काय? सकाळी चहात बुडवलेले बिस्कीट. दुपारी भाताचे निवळ पाणी. तिसऱ्या प्रहरी पुन्हा बिस्कीट. रात्री वरणावरचे पाणी. डाळ खाली पातेल्यात राही, वरचे पाणी बाळाला. बाळाला पचायला हलके म्हणून. माया होती, पण वाटीत पाणी होते.

ताई चिकाटीच्या होत्या. त्या आजींशी भांडल्या नाहीत. रोज जाता-येता घरात डोकावत आणि आजींच्याच हातून खिमट करवून घेत. दीड-दोन महिन्यांत रेघ वर वळली. मुलगा पुढे आमच्या शाळेत आला. आता मिसरूड फुटले आहे. अंगाने ठीक आहे. पण उंचीत जी कसर त्या महिन्यांत राहिली, ती पुरती भरून आली नाही. धाकटी बहीण त्याच्या कानाच्या वर गेली आहे.

हे एका घरापुरते नाही. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात घरोघर पाहणी केली. आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० मुलांत सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. देशभरात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० मुलांत ६७ मुलांच्या रक्तात लाली कमी निघाली. आम्ही इतकी वर्षे पहिलीचा वर्ग पाहिला. सहा वर्षांचे मूल पाटीवर अक्षर काढायला बसते, तेव्हा त्याचे बरेचसे घडून गेलेले असते. मास्तर कितीही चांगला असला तरी त्याला ते मागे जाऊन भरून काढता येत नाही.

मग वाटीत काय घालावे?

आधी बाळाचे पोट केवढे असते ते पाहू. सात-आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी एक लहान पेला भरेल, एवढेच मावते. त्याहून जास्त नाही. त्या पेल्यात पाणीच घातले, तर अन्नाला जागा कोठे राहिली? पेज पातळ असली की घशाखाली लवकर उतरते. पोट टम्म होते. बाळ झोपते. आईला वाटते, पोट भरले. पोट भरले खरे, अंगाला मात्र काही लागले नाही.

म्हणून एक परीक्षा ध्यानात ठेवा. लापशी चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. पाण्यासारखी ओघळून गेली तर ती पातळ आहे. चमच्यावर धरून राहिली आणि हळूच खाली सरकली तर ठीक आहे.

धान्य कोणते? जे घरात असेल ते. कोकणात नाचणी आणि तांदूळ. देशावर ज्वारी, बाजरी. कोठे गहू. बाळासाठी वेगळे धान्य विकत आणायला नको. पण नाचणी मिळत असेल तर आम्ही म्हणू, नाचणी जरूर घ्या. तिच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कॅल्शियम म्हणजे हाडे आणि दात ज्याने घट्ट होतात ते द्रव्य. तेवढ्याच तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. आता हिशेब करा. पूर्वी शहरातली माणसे नाचणीला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडत. २०२३ हे साल साऱ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून तीच नाचणी दुकानात रंगीत पिशवीत मिळते आणि भावही चढला आहे. तुमच्या घरची नाचणी काही त्या पिशवीतल्या नाचणीहून कमी नाही.

नुसते धान्य पुरत नाही. त्यात डाळ हवी. शरीराची बांधणी करणारे जे द्रव्य असते, त्याचा काही भाग धान्यात कमी पडतो, तो डाळीत असतो. डाळीत जो कमी पडतो, तो धान्यात असतो. दोन्ही मिळाली की बैलजोडी पुरी झाली. आपल्या आज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते, तरी त्या खिमट करीत. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन वाळवायची, भाजायची, जात्यावर रवाळ भरडायची. मग पाण्यात मऊ शिजवायची आणि वर तूप घालायचे. तीन-चार भाग तांदूळ, एक भाग डाळ. याच्याहून चांगले बाळाचे अन्न आम्हांला ठाऊक नाही. तुपाचा कंटाळा करू नये. तूप नसेल तर घरातले गोडे तेल चालेल. एक लहान चमचा तूप किंवा तेल घातले की वाटी न वाढवता वाटीतली ताकद वाढते. बाळाच्या लहान पोटाला हेच हवे असते.

आता मोड काढण्याची युक्ती सांगतो. ही नीट ऐका. आजच्या बोलण्यात हीच जास्त मोलाची आहे.

साध्या पिठाची लापशी केली की ती शिजल्यावर घट्ट होते. निवली की गोळा होतो. बाळाला गिळवत नाही. मग आई तिच्यात पाणी ओतते आणि पुन्हा तीच पातळ पेज होते. यावर उपाय आहे. नाचणी निवडून धुवावी. रात्रभर भिजत घालावी. सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. फडके सुकू देऊ नये. दीड-दोन दिवसांत बारीक मोड येतात. मग ती स्वच्छ कापडावर पातळ पसरावी, वरून दुसरे कापड घालावे, आणि खडखडीत वाळवावी. हातावर चोळून मोड झाडून टाकावेत. मंद आचेवर हलकी भाजावी. करपवू नये. मग दळावी. मुगालाही असेच मोड काढून वाळवता येतात. चार वाट्या नाचणीला एक वाटी मूग हे प्रमाण ठेवावे.

मोड येताना दाण्यात एक नवे द्रव्य तयार होते. ते पिठाचा चिकटा तोडते. म्हणून मोडाच्या पिठाची लापशी जास्त पीठ घालूनही सैल राहते. पाणी तेवढेच, वाटी तेवढीच, पण अन्न जास्त. फार भाजले तर ते द्रव्य जळते. म्हणून हलके भाजा म्हटले. मोडाने आणखी एक फायदा होतो. धान्यातले लोह अंगी लागायला सोपे जाते.

काही घरी नाचणीचे सत्त्व काढतात. मोड आलेली ओली नाचणी वाटून फडक्यातून गाळतात आणि खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. ते दिसायला सुरेख असते. पण फडक्यात जो चोथा राहतो, त्याच्याबरोबर कॅल्शियम आणि लोह यांचा बराच भाग निघून जातो. आमचे मत असे, की सहा-सात महिन्यांच्या बाळाला सुरुवातीला सत्त्व द्या हवे तर, पण महिनाभरात चाळणीने चाळलेल्या साध्या पिठावर या. मेहनतही वाचेल.

पीठ पंधरा दिवसांपुरतेच दळावे. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओला चमचा डब्यात घालू नये.

आता फळांकडे वळू.

फळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सफरचंद येते. आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात ते. सफरचंद वाईट नाही, पण ते लांबून येते आणि महाग असते. आपल्या परसात आणि बाजारात जी फळे आहेत, ती त्याच्याहून कमी नाहीत. पिकलेले केळे घ्या. ते शिजवावे लागत नाही. निसर्गाने त्याला साल दिली आहे, तेव्हा आत घाण जात नाही. हात आणि चमचा स्वच्छ असला की पुरे. चमच्याने कुसकरले की वाटीत लोण्यासारखे होते. बाहेरगावी जाताना, लग्नाघरी, एस.टी.त, बाळाला द्यायला केळ्यासारखे अन्न नाही. कोणी म्हणतात, केळ्याने सर्दी होते. सर्दी होते ती सर्दी झालेल्या माणसाकडून. मात्र केळ्यात लोह फारसे नसते. तेव्हा केळे दिले म्हणजे जेवण झाले असे समजू नये. ते लापशीच्या जोडीला.

पपईत आणि आंब्यात डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व तयार होण्याजोगे पिवळे द्रव्य असते. ते तुपातेलाबरोबर खाल्ले की अंगी चांगले लागते. पेरूत क जीवनसत्त्व असते, ते संत्र्याच्या चौपटीहून अधिक. हे जीवनसत्त्व धान्यातले आणि डाळीतले लोह अंगी लावायला मदत करते. म्हणजे नाचणीची लापशी दिली आणि तिच्याबरोबर पेरूचा गर किंवा पपई दिली, तर नाचणीतले लोह वाया कमी जाते. मात्र पेरूच्या बिया बाळाला देऊ नयेत. पिकलेला पेरू वाफवून चाळणीवर चोळावा, गर खाली पडतो. फळ मिळालेच नाही, तर खिमटात लिंबाचे चार थेंब पिळावेत. तेही चालते. चहा मात्र याच्या उलट करतो. लोह अंगी लागू देत नाही. बाळाला चहा चमचाभरही नको, आणि चहात बुडवलेले बिस्कीटही नको.

फळाचा आणखी एक उपयोग आहे. लापशी गोड करायला साखर आणि गूळ यांची गरज राहत नाही. कुसकरलेले केळे किंवा चिकू मिसळला की पुरे. बाळाला आधी साखरेची चटक लागली, की मग साधा भात आणि भाजी त्याला गोड लागत नाही. मीठही वर्षभर घालू नये. आपल्या जिभेला लापशी अळणी लागेल. ती आपल्यासाठी केलेली नाही.

मध मात्र वर्षाच्या आत मुळीच देऊ नये. बोटभरही नको. मधात कधी कधी असे बीज असते, की ते तान्ह्याच्या आतड्यात रुजते, विष तयार करते आणि बाळाचे अंग लुळे पडते. असे क्वचित होते, पण होते ते जिवावरचे असते. मोठ्यांना त्याचा त्रास होत नाही, म्हणून आपल्याला हे खरे वाटत नाही.

किती द्यावे? सहावा महिना संपला की दोन-तीन चमच्यांपासून सुरू करावे, दिवसातून दोन-तीन वेळा. बाळ पहिल्यांदा जिभेने बाहेर ढकलते. त्याला नको आहे असे नाही. त्याला अजून गिळणे येत नाही. रोज देत राहावे. आठव्या महिन्यापर्यंत अर्ध्या वाटीवर यावे. नऊ ते बारा महिने, अर्धी वाटी तीन-चार वेळा, आणि मध्ये एकदा-दोनदा फळ. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. येथे वाटी म्हणजे आमटीची मोठी वाटी, पाव लिटरची. आणि वर्षाचे झाले की बाळाने घरातलेच जेवण जेवावे, तिखट घालण्याआधी त्याच्यापुरते बाजूला काढून. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा आणि दोन-तीन दिवस पाहावे. जे लोक अंडी, मासे, मटण खातात, त्यांनी सहा महिन्यांनंतर तेही मऊ शिजवून, काटे-हाडे काढून द्यावे. लोहासाठी त्याच्याइतके चांगले काही नाही.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे, बोरे यांच्यापासून बाळाला लांब ठेवावे. श्वासनळीत दाणा अडकला तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत वेळ राहत नाही. शेंगदाण्याचे बारीक कूट लापशीत घालावे.

भरवण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. आपलेही आणि बाळाचेही. बाटली घरात आणूच नये, तिची बुचे नीट धुतली जात नाहीत. वाटी आणि चमचा बरा. सकाळची लापशी संध्याकाळी देऊ नये.

बाजारात डब्यातले पीठ मिळते. डब्यावर मोठमोठे शब्द असतात. कोणी शेजारीण सांगते, त्याने मूल हुशार होते. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करण्यालाच आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने आणि २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. डॉक्टरांनी एखाद्या बाळाला काही खास सांगितले असेल तर ते वेगळे. नाही तर त्या पैशात महिनाभराची डाळ, तूप आणि केळी येतात.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरी न्यायचा आहार मिळतो. तो बाळाचा आहे. तो चहाबरोबर पाहुण्यांपुढे ठेवायचा नाही. सहा महिन्यांपासून लोहाचे औषध मिळते, आठवड्यातून दोनदा. त्याने शी काळी होते, घाबरू नये. नऊ महिने पूर्ण झाले की लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा डोस असतो. आणि वजन दर महिन्याला करावे. रेघ आडवी झाली तर लगेच विचारावे, तीन महिने थांबू नये.

मघाशी एका वहिनींनी विचारले, की ताप किंवा हगवण लागली तर खाणे बंद ठेवायचे का? बंद ठेवू नये. अंगावर पाजणे वाढवावे. खाणे थोडे थोडे, पुष्कळदा द्यावे. हगवणीत मीठ-साखरेचे पाकीट आणि जस्ताच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे, म्हणजे गेलेले वजन परत येते. डोळे खोल गेले, बाळ मलूल झाले, पाजलेले राहत नसेल, तर घरी बसू नये, दवाखाना गाठावा.

आता सर्वांनी ओसरीवर यावे. चूल पेटवून ठेवली आहे. दोन पातेल्यांत साध्या नाचणीच्या पिठाची लापशी केली आहे, दोन्हींत पीठ आणि पाणी सारखे. दोन्ही घट्ट झाल्या आहेत, पळी उभी राहते. आता पातेली खाली उतरवू. जरा निवू देऊ, पण कोमट होऊ द्यायची नाहीत. मग एका पातेल्यात मोडाच्या पिठाचा एक चमचा घालून ढवळू. दुसरे तसेच ठेवू. पाच-दहा मिनिटांत पहिली लापशी सैल पडेल, पाण्याचा थेंब न घालता. ती पुन्हा एकदा उकळून घेऊ, कारण मोडाचे पीठ नुसते वरून घातलेले बाळाला देणे बरे नाही. मग ज्यांची बाळे सहा महिन्यांची झाली आहेत, त्यांनी आपापली वाटी आणि चमचा पुढे आणावा. केळी आत टोपलीत आहेत. हात धुण्याचे पाणी आणि साबण दाराशी ठेवला आहे.